वाड्यावरचे दुकान चालते कशावर?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. फोंडा तालुक्यातील एका गावात तुमच्या वडिलांचे ३० वर्षांचे किराणा दुकान आहे, तुम्ही पुण्यातील नोकरी सोडून परत आला आहात आणि २ किलोमीटरवर मोठे सुपरमार्केट उघडले आहे. लोकांना लहान दुकानाची वाटणारी ओढ खरी असते की ती जुन्या आठवणींची माया असते, असे तुम्ही विचारता. ओढ खरी असेल तर दुकान आहे तसे ठेवावे, की काउंटर काढून फळ्या मांडाव्यात आणि गिऱ्हाइकाने माल स्वतः उचलावा अशी व्यवस्था करावी, हा तुमचा पुढचा प्रश्न आहे. मी डिचोली तालुक्यात ३४ वर्षे असेच दुकान चालवतो. त्याआधी ते माझे वडील चालवत. म्हणून अनुभवातून सांगता येईल तेवढे सांगतो.

लोकांना लहान दुकान आवडते का, असे विचारले तर प्रत्येक जण आवडते असेच म्हणेल, आणि त्यांतले निम्मे लोक महिन्याचे सामान सुपरमार्केटमधूनच आणतील. त्यात त्यांचा खोटेपणा नाही. तिथे त्यांना साबण आणि बिस्किटे स्वस्त पडतात, आणि संसार चालवणाऱ्याने ते पाहायलाच हवे. तेव्हा तुम्ही स्वतःला विचारायचा प्रश्न थोडा वेगळा आहे. लोक कोणत्या कामासाठी तुमच्याच पायरीवर येतात, आणि त्या कामातून तुमचे घर चालेल एवढे सुटते का?

याचे उत्तर परिस्थितीवर पुष्कळ अवलंबून आहे. जागा तुमची स्वतःची आहे की भाड्याची, दुकानावर दिवसभर कोण बसणार, वाड्यावर, म्हणजे गावातल्या आपल्या वस्तीत, किती घरांत रोज चूल पेटते आणि किती घरे चवथीपुरती, म्हणजे गणेशचतुर्थीपुरती, उघडतात, हे मला येथे बसून कळणार नाही. माझा अंदाज असा की जागा घरची असेल आणि ६०–७० घरे नियमाने येत असतील तर एका कुटुंबाचे नीट चालते. भाडे द्यायचे असेल तर हाच हिशेब फार ओढाताणीचा होतो. किनारपट्टीवरच्या, पर्यटकांवर चालणाऱ्या दुकानांचे गणित निराळे असते. माझा तो अनुभव नाही, म्हणून त्याविषयी मी बोलत नाही.

आता मूळ मुद्दा. लहान दुकानाची ओढ कशात आहे, असे मला कोणी विचारले तर मी एकच शब्द सांगतो, आणि तो म्हणजे माप. मोठे दुकान स्वतःच्या मापाने माल देते, तर लहान दुकान घराच्या मापाने देते. हे माप फक्त वजनाचे नसते. ते वेळेचे असते, पैशाचे असते आणि त्या घरात काय शिजते याचेही असते.

एक साधे उदाहरण घ्या. सकाळी दहाच्या सुमारास मासेवाली वाड्यावरून जाते. त्या दिवशी बांगडे चांगले मिळाले की पुढच्या अर्ध्या तासात माझ्याकडे चार-पाच बाया तेफळे, म्हणजे तिरफळे, मागायला येतात. बांगड्याच्या हुमणाला, म्हणजे नारळाच्या कालवणाला, आठ-दहा तेफळे पुरतात. सुपरमार्केटमध्ये त्यांचे ५० ग्रॅमचे पाकीट असते, आणि ते एका घराला वर्षभर सरत नाही. तीन महिन्यांत त्याचा वास उडतो आणि मग उरलेली टाकूनच द्यावी लागतात. मी दहा रुपयांची देतो. बरणीचे झाकण उघडले की वास बाहेर येतो, बाई स्वतः वाकून तो घेते, मी कागदाचा चौकोन तळहातावर घेऊन त्याची पुडी वळतो, वरचे टोक आत खोचतो आणि देतो. या व्यवहारात मला थोडेच सुटते. पण तीच बाई त्याच वेळी एक नारळ, थोडी चिंच आणि उद्याच्या चहाची साखर घेते. तेफळे माझ्याकडे नसती तर ती आलीच नसती.

म्हणून दुकानाचा हिशेब वस्तूगणिक करू नका, फेरीगणिक करा. माझ्याकडे साखर आणि तांदळावर तीन ते पाच टक्के सुटतात, कंपनीच्या पाकीटबंद मालावर आठ-दहा, आणि सुट्या मसाल्यांवर व कडधान्यांवर पंधरा-अठरापर्यंत. मोठ्या दुकानाशी स्पर्धा पाकिटांवर होते आणि तिथे तुम्ही हरणारच, कारण कंपनी त्यांना ज्या सवलतीने माल देते ती तुम्हाला देत नाही. सुट्या मालावर मात्र तुमची बाजू भक्कम आहे, कारण तिथे ओळख लागते, माप लागते आणि हात लागतो.

फळ्या मांडण्याविषयी माझे मत यातूनच आले आहे. २००९ मध्ये मी स्वतः तो प्रयोग केला. काउंटर मागे सरकवला, मधोमध दोन लोखंडी फळ्या उभ्या केल्या, आणि मूग, अळसांदे, चण्याची डाळ, रवा अशा सगळ्या सुट्या मालाची पाव किलोची आणि अर्ध्या किलोची पाकिटे करून मांडली. दुकान दिसायला सुंदर झाले आणि तरुण मुलांना ते आवडले. पण दोन-तीन महिन्यांत माझ्या लक्षात आले की वयस्कर बाया आत येऊन उभ्याच राहतात. चष्मा घरी राहिलेला, पाकिटावरचे दिसत नाही, विचारायचा संकोच. ज्यांना दीड वाटी डाळ हवी त्या पाव किलोचे पाकीट हातात घेऊन परत ठेवत. सुट्या मालाची विक्री चौथ्या हिश्श्याने उतरली. आठ महिन्यांनी मी फळ्या भिंतीला लावल्या आणि काउंटर पुन्हा पुढे आणला. पण तो जुन्यापेक्षा कमी उंचीचा केला, म्हणजे गिऱ्हाइकाला बरण्या आणि तराजू दोन्ही दिसतील. साबण, बिस्किटे, वह्या, पेन हे बाहेरच्या बाजूला हाताशी ठेवले, आणि धान्य-मसाले माझ्या मागे. माझ्या अनुभवात हीच मांडणी सर्वांत चांगली चालली. तुमच्या वाड्यावर नोकरदार तरुण कुटुंबे अधिक असतील तर बाहेरचा भाग थोडा मोठा करा, परंतु काउंटर काढू नका.

वेळेचे मापही असेच आहे. मी सकाळी साडेसहाला उघडतो, कारण दूध आणि पाव त्या वेळी लागतात. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून घरोघर जातो हे खरे, पण ज्यांची त्याच्याशी चुकामूक होते त्यांच्यासाठी तो माझ्याकडे तीस पाव ठेवून जातो. त्यात मला फारसे सुटत नाही. मात्र त्या तीस पावांमुळे वीस माणसे सकाळीच दुकानात येऊन जातात. दुपारी एक ते चार मी बंद ठेवतो. तुम्ही पुण्याहून आला आहात, म्हणून दुपारी उघडे ठेवून बाजी मारू असा विचार तुमच्या मनात येईल. एकटे बसणार असाल तर तसे करू नका. त्या वेळात वाड्यावर कोणी फिरत नाही, आणि रात्री साडेआठपर्यंत तुम्हाला ताजे राहायचे असते. दुपारी कोणी मागच्या दाराची कडी वाजवली तर मात्र उठून द्यावे, कारण त्या वेळी येणाऱ्याची काहीतरी नड असते.

वर्षाचे मापही तुम्हाला पाठ हवे. एप्रिल-मेमध्ये पुरुमेंत होते, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. आता रस्ते बारा महिने चालू असतात, चोर्ला घाटातून बेळगावचा माल रोज उतरतो, तरीही लोक पुरुमेंत करतात. त्यांना सुकी मिरची, चिंच, सोले (आमसुले), जाडे मीठ आणि माडाचा गूळ हवा असतो, आणि तो कुठून आला हे जाणून घ्यायचे असते. काणकोणकडच्या खोला गावच्या मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून तिचे नाव घेऊन भलतीच मिरची विकणारेही वाढले. तुमच्याकडे खरी असेल तरच त्या नावाने विका. आगरवाड्याच्या मिठागराचे जाडे मीठ मी मेच्या पहिल्या आठवड्यात आणतो, कारण आंबे खारवायला तेच लागते. सोले मी बाजारातून घेतच नाही. आमच्याच गावातील सहा बाया ती वाळवून मला देतात, आणि कोणत्या डब्यातील सोले कोणाच्या अंगणातील आहेत हे गिऱ्हाइकाला मी सांगतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कदाचित चार पैसे स्वस्त मिळतील, पण ज्या अंगणात ती वाळताना रोज येता-जाता पाहिली त्या अंगणाची खात्री तिथे मिळत नाही.

चवथीच्या आधीचे पंधरा दिवस हा आपला सर्वांत मोठा हंगाम. रवा, मैदा, गूळ, नारळ, खसखस, वेलची, तूप, कापूर, वाती यांची यादी घराघरांची ठरलेली असते, आणि ती तुमच्या वडिलांना बहुधा तोंडपाठ असेल. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानात उतरू नका. ती रानातली फळे आणि फुले आणणाऱ्यांचा तो हक्काचा बाजार आहे, आणि नाशवंत मालात तुमचे हात अडकतील. याच कारणासाठी मी भाजीतही पडलो नाही. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीच्या दरात भाजी मिळते, त्या दराला आपण पुरे पडत नाही. कांदे, बटाटे, लसूण आणि आले एवढेच ठेवा.

आता उधारी. यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण लहान दुकानाच्या ओढीतला मोठा भाग वहीत असतो आणि लहान दुकाने बुडतात तीही वहीतच.

आमचा भाग खाणींचा. पावसाळ्यात खाणीचे काम बंद असते. जून ते सप्टेंबर ट्रक दारात उभे राहतात, आणि त्या चार महिन्यांत वहीवर नेलेले सामान हंगाम सुरू झाला की फिटते, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. २०१२ मध्ये १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणकाम थांबवले. चवथ १९ सप्टेंबरला होती. मधल्या नऊ दिवसांत लोकांना आणि मलाही वाटले की महिन्याभरात सारे सुरळीत होईल, म्हणून नेहमीप्रमाणे चवथीचे सगळे सामान मी वहीवर दिले. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि त्या वर्षी हंगाम सुरूच झाला नाही. माझ्या वहीत ४२ घरांची मिळून सव्वा लाखाच्या वर बाकी होती, आणि मला माल देणाऱ्या वितरकांना मात्र आठवड्याला रोख हवे होते. एकाने तर मागचे मिटेपर्यंत माल देणेच थांबवले. बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून मी तो हिवाळा काढला.

त्या वेळी मी जे केले ते तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. दुकानात उभ्या असलेल्या माणसाकडे मी एकदाही बाकी मागितली नाही. डिसेंबरमध्ये संध्याकाळी एकेका घरी गेलो, वही उघडली, नवरा-बायको दोघांसमोर बाकी मोठ्याने वाचली आणि तिच्याखाली रेघ मारली. नवे पान उघडले. त्या पानावर फक्त तांदूळ, डाळ, तेल, मीठ, चहा-साखर आणि साबण एवढेच लिहायचे आणि ते दर आठवड्याला फेडायचे, असे ठरवले. रेघेच्या वरचे जमेल तसे द्यावे, मी विचारणार नाही, असे सांगितले. २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, प्रत्यक्ष काम २०१५ मध्ये थोडेफार सुरू झाले, आणि २०१६ संपेपर्यंत ४२ पैकी ३१ घरांनी रेघेवरचे सारे फेडले. सात घरांनी काही भाग दिला आणि चार घरांकडून काहीच आले नाही. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या, तेव्हा माझी बाकी फक्त ४० हजारांच्या आसपास होती, कारण तोवर मला माझी मर्यादा कळली होती.

ती मर्यादा अशी. एका घराची बाकी त्या घराच्या एका महिन्याच्या सामानापेक्षा वर जाऊ द्यायची नाही. सगळ्या घरांची मिळून बाकी दुकानातल्या मालाच्या किमतीच्या एक चतुर्थांशापुढे न्यायची नाही. ज्या दिवशी नेले त्याच दिवशी, त्यांच्यासमोर लिहायचे, आणि महिन्याच्या शेवटी वाचून दाखवायचे. तंबाखू-सिगारेट वहीवर द्यायची नाही. हे नियम पहिल्या दिवशीच सांगितले तर कोणी रागावत नाही, परंतु बाकी वाढल्यावर सांगितले तर माणूस दुखावतो आणि दुसऱ्या वाटेने जाऊ लागतो. मी पाहिले आहे की बाकी राहिलेले गिऱ्हाईक पैशासाठी दुकान टाळत नाही, ते लाजेसाठी टाळते. त्याला लाज वाटू न देता वसुली करता आली तरच उधारी द्यावी, नाहीतर देऊच नये.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट कोणी शिकवत नाही. दुकानदाराला घराघरातले कळते. जे घर महिन्याला १० किलो उकडे तांदूळ न्यायचे ते अचानक एकेक किलो नेऊ लागले, की तिथे काहीतरी बिघडले आहे हे मला त्यांच्या नातेवाइकांच्या आधी समजते. कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या घरी पथ्य सुरू झाले, कोणाची सून माहेरी गेली, हे सारे यादीत उमटते. घराच्या मापाने माल द्यायचा तर हे कळावेच लागते, आणि कळले तरी ते काउंटरच्या बाहेर जाता कामा नये. माझ्या वडिलांनी मला हिशेबाच्याही आधी हे शिकवले. एका बाईने वर्षभर माझ्याकडून एकेक किलो तांदूळ नेले, आणि मी एकदाही नेहमीचे १० किलो का नाहीत असे विचारले नाही. पुढे तिचा मुलगा नोकरीला लागला. त्या महिन्यात तिने १० किलो मागितले, तेव्हाही मी फक्त पिशवी भरून दिली. आज त्या घराचे सगळे सामान माझ्याकडूनच जाते. तुमच्या हाताखाली कोणी पोरगा ठेवणार असाल तर तो मोजण्यात थोडा मंद असला तरी चालेल, मात्र तो बोलभांड नसावा.

भावाविषयी थोडक्यात. गिऱ्हाईक शंभर वस्तूंचे भाव लक्षात ठेवत नाही, पाच-सहांचे ठेवते. आपल्याकडे त्या म्हणजे उकडे तांदूळ, साखर, खोबरेल तेल, तूरडाळ, कांदे आणि नारळ. यांचे भाव सुपरमार्केटच्या एक-दोन रुपयांच्या आतबाहेर ठेवा, मग सुटा मसाला तुम्ही वाजवी नफ्याने विकला तरी दुकान महाग आहे असे कोणी म्हणत नाही. छापील किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेऊ नका. थंड केल्याचे म्हणून दुधावर आणि शीतपेयांवर जादा घेण्याची काहींची रीत आहे, ती बेकायदा आहे आणि गिऱ्हाइकाच्या मनात राहते. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वजनमाप खात्याकडून तपासून मुद्रांकित करून घ्यावा लागतो. तो करून घ्या, आणि काट्याचे आकडे गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवा.

नारळाचे माझे एक पक्के धोरण आहे. नारळ कानाशी हलवून, पाणी ऐकून मी देतो, तरीही शंभरात दोन-तीन आतून नासके निघतात. बाई फोडलेली कवड घेऊन आली की मी काहीही न विचारता दुसरा नारळ देतो. ती बदलून न्यायला संकोचली तर पुढच्या खेपेला मीच विचारतो की मागचा नारळ बरा होता ना. वर्षाकाठी यात माझे दीड-दोन हजार जातात, आणि माझ्या सगळ्या खर्चांत हा खर्च मला सर्वांत योग्य वाटतो.

पावसाळ्यात माल सांभाळणे हे आपल्या दुकानांचे सर्वांत दुबळे अंग आहे, आणि लोक सुपरमार्केटकडे वळतात ते पुष्कळदा यामुळे. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. रव्याला जाळी धरते, कडधान्याला टोके लागतात, मीठ पाझरते, बिस्किटे मऊ पडतात. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एका वेळी निम्माच माल भरा, दर आठवड्याला आणा, डबे घट्ट झाकणाचे ठेवा, आणि मुदत संपत आलेली पाकिटे स्वतः पुढे काढून ठेवा. एकदा कोणाच्या घरी तुमच्या रव्यात किडा निघाला की ते घर वर्षभर तुमच्याकडून रवा घेत नाही.

तुम्ही लिहिले आहे की वाड्यावर आता पुष्कळ भाडेकरू आहेत. कुंडई-मडकईच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारी माणसे असतील तर त्यांच्याकडे लक्ष द्या. आमच्याकडेही झारखंड, ओडिशा आणि उत्तर कर्नाटकातून आलेले कामगार खोल्या करून राहतात. ते रोज संध्याकाळी रोजच्यापुरते घेतात आणि रोख देतात. एकाने मला मोहरीच्या तेलाविषयी विचारले, तेव्हा माझ्याकडे ते नव्हते. पुढच्या आठवड्यात मी सहा बाटल्या आणल्या, आता महिन्याला ६० जातात. ज्वारीचे पीठ, सत्तू, पोहे हे सारे असेच आले. घराचे माप ओळखायचे म्हणतो तेव्हा ते घर कालच भाड्याने आलेले असले तरी तेवढेच खरे असते.

येथवर मी सांगितले ते एकत्र धरले तर असे दिसेल की ओढ खरी आहे, पण ती आपोआप टिकत नाही. याचा दाखला मला २०२० च्या मार्चमध्ये मिळाला. टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत गोव्यात किराणा दुकानेही बंद होती, लोक हवालदिल झाले, आणि दुकाने उघडायची परवानगी मिळाल्यावर माझ्या दारात अशी माणसे उभी राहिली जी दहा वर्षांत कधी आली नव्हती. मी फोनवर याद्या घेतल्या, रात्री पिशव्या भरल्या, मुलाने स्कूटरवरून पोचवल्या. सर्वांनी मनापासून आभार मानले. वर्षभरात त्यांतली बहुतेक माणसे पुन्हा सुपरमार्केटला जाऊ लागली. मला सुरुवातीला वाईट वाटले, मग समजले की कृतज्ञतेवर दुकान चालवण्याची अपेक्षा मीच धरू नये. जी दहा-बारा कुटुंबे राहिली ती घरपोच सामानासाठी राहिली. म्हणून मी ते काम बंद केले नाही. आता माझी सून व्हॉट्सअॅपवर याद्या घेते, आणि यूपीआयने पैसे येतात. तुमच्या पुण्याच्या अनुभवाचा उपयोग फळ्यांपेक्षा या कामात जास्त होईल.

सरकारी बाजू एकदा एखाद्या हिशेबनिसाला दाखवून घ्या. वस्तू विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागते ती वार्षिक उलाढाल ४० लाखांवर गेल्यावर, आणि कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोपी पद्धत, दीड कोटीपर्यंत घेता येते. अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र लहान दुकानालाही हवी.

लगेच काही बदलू नका. चवथ होईपर्यंत वडिलांशेजारी बसा आणि एक साधी वही ठेवा. त्यात विकले गेलेले लिहू नका, लोकांनी मागितले आणि तुमच्याकडे नव्हते ते लिहा, तारीख आणि वेळेसह. त्या वहीतून दुकानात काय हवे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळेल. आणि दुपारी दुकान बंद असते त्या वेळात वडिलांकडून सोले, कुळीथ, गूळ देणाऱ्यांची नावे, त्यांची घरे आणि कोणाला आगाऊ पैसे द्यावे लागतात ते लिहून घ्या. ही नावे कोणत्याच उधारीच्या वहीत नसतात. माझ्या वडिलांकडून मी ती वेळेत लिहून घेतली नाहीत, आणि ते गेल्यानंतर चांगला माडाचा गूळ देणारे घर शोधायला मला दोन उन्हाळे लागले.